वाईचा वाडा विकताना

वाईतला आमचा वडिलोपार्जित वाडा आम्ही २०२५ च्या उन्हाळ्यात विकला. त्यासाठी काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते आहे, कारण तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच घरांनी मला हेच विचारलंय. कुणाचा वाडा साताऱ्यात, कुणाचा भोरला, कुणाचं कोकणात चौसोपी घर. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, भाव काय मिळाला? माझ्या मते तो अगदी शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

आधी वाड्याबद्दल. तो नेमका कधीचा याला कागद नाही. पेशवाईच्या अखेरचा असं घरात सांगत. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी इथलं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये बांधलं. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत घाटांच्या आसपास जे वाडे उभे राहिले, त्यांतलाच हा एक असावा. घडीव दगडाचं जोतं, त्यावर मातीत रचलेल्या विटांच्या जाड भिंती, दिंडी दरवाजा, देवडी, मधे चौक, तीन बाजूंना सोपा, आत माजघर, वर माडी, मागे परसात आड. खांब, तुळया, कडीपाट सगळं सागाचं. खांब जमिनीत गाडलेले नाहीत, दगडी तळखड्यावर नुसते उभे आहेत. दिंडीचा अडसर भिंतीतल्या भोकात अख्खा आत सरकतो. दुपारी तो बाहेर दिसतही नाही आणि रात्री ओढला की दोन माणसं लागतील एवढा जड.

काकू गेल्यावर तिथे राहणारं कुणी उरलं नाही. दादा अमेरिकेत, मी पुण्यात, चुलतभाऊ कोल्हापूर आणि मुंबईला. दर पावसाळ्यानंतर कौलं चाळायला माणूस मिळवायचा, तो यायचा नाही, तोवर माडीतला एखादा कोपरा आणखी काळा पडायचा. बंद वाडा किती लवकर खचतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. राहतं घर विकलं असं मला वाटत नाही. जे उभं राहिलं पाहिजे असं वाटत होतं, ते उभं ठेवणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं होतं, आणि हे एवढं एकच माझ्या मनात पहिल्यापासून स्पष्ट होतं.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली, तेव्हा तिच्यावर पणजोबांचं नाव निघालं. आजोबा गेले, बाबा गेले, काका गेले, कागदावर पणजोबाच. घरपट्टी मात्र काकांच्या नावावर येत होती आणि त्यामुळे सगळ्यांची समजूत अशी की नोंदी झालेल्या आहेत. घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत बजावलं.

मग वारसनोंदी. त्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला. अलीकडचे दाखले मिळाले. पणजोबांचा मिळेना, कारण साल कुणालाच धड ठाऊक नव्हतं. शेवटी माडीवरच्या फडताळात, पोथ्यांच्या खाली, एक वाटपपत्र सापडलं, मोडीत लिहिलेलं. वाईतच एक मोडी वाचणारे गृहस्थ आहेत. त्यांनी भिंग लावून ते वाचलं. पणजोबा आणि त्यांच्या भावांतली ती वाटणी होती. तिच्यावरून वंशावळ नीट लागली, साल कळलं आणि त्या सालाच्या आगेमागे नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात शोधल्यावर नोंदही निघाली. पण त्या कागदात आणखी एक ओळ होती: परसातल्या आडाचं पाणी दोन्ही घरांनी घ्यावं, पलीकडच्या घराला बोळातून वाट असावी. शेजारची माणसं ती वाट आजही वापरतात. आम्हाला वाटायचं की ते आपल्या शेजारधर्मानं चाललंय. तो त्यांचा वहिवाटीचा हक्क होता, शंभरावर वर्षांचा. घेणाऱ्याला हे आधी सांगितलं नसतं तर नंतर तो शेजाऱ्यांशी भांडला असता आणि शेजारी आमच्याशी.

मोडी कागद असतील तर विकण्याआधी ते वाचून घ्याच. घरातली पोथी-दप्तरं रद्दीत किंवा भंगारात देऊ नका. आमचं दप्तर आम्ही पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात दिलं. १९१० पासून ती संस्था अशाच घरांमधली दप्तरं सांभाळते आहे.

वारसांमध्ये माझ्या दोन आत्याही होत्या. एक गेल्या, त्यांची मुलं आहेत. दुसऱ्या कमलआत्या साताऱ्याला असतात. चुलतभावांचं म्हणणं, आत्यांची हक्कसोड घेऊन टाकू, कागद सुटसुटीत होईल. वडिलोपार्जित मिळकतीचं जवळच्या नात्यातलं हक्कसोडपत्र महाराष्ट्रात स्वस्तात होतं. पूर्वी दोनशेच्या मुद्रांकावर व्हायचं, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच्या. आणि आमच्याकडची रीत तर पिढ्यान्‌पिढ्यांची: बहिणीनं 'मला काही नको' म्हणायचं, सही करायची आणि साडीचोळी घेऊन जायचं.

मी याला ठाम विरोध केला. आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर गेलेले, म्हणजे त्यांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा तेव्हापासूनच होता. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. 'आमची तोंडी वाटणी कधीच झालीय' हा भावांचा नेहमीचा मुद्दाही त्या निकालानं जवळपास संपवला. तोंडी वाटणी मानायची तर तिला पाठबळ देणारे सरकारी दस्त हवेत. आमच्याकडे असा एकही नव्हता. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बाईनं त्या आडाचं पाणी पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत शेंदलं, तिला विक्रीच्या वेळी कागदातून वगळायचं हे मला मान्यच नव्हतं. शेवटी ठरलं की हक्कसोड कुणाचीच घ्यायची नाही. सगळे वारस खरेदीखतावर 'लिहून देणार' म्हणून सही करतील आणि ज्याचा जेवढा हिस्सा तेवढा धनादेश त्याच्या नावानं निघेल. सह्या वाढल्या, वेळ वाढला. भांडण एकही झालं नाही.

आत्याला सांगायला गेले तेव्हा तिनं पैशाचा विषयच काढला नाही. "सही करते गं, पण देवघरातल्या देवांचं काय करणार ते आधी सांग." टाक आणि पंचायतन कोल्हापूरच्या भावाकडे जायचं ठरलं होतं, तसं सांगितलं. "आणि उत्सवाची भांडी?" कृष्णाबाईच्या उत्सवात प्रसादाला लागणारी आळीची मोठी पातेली आमच्या देवडीतल्या खोलीत राहायची. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

रस्त्याकडच्या गाळ्यात एक जुने भाडेकरू होते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे, तेव्हा त्यांना काढून वाडा 'मोकळा' करून देण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. भाडेकरूसह विकू, असं सुरुवातीपासून सांगितलं.

किंमत ठरवण्यासाठी मूल्यांकन करून घेतलं. भांडवली नफ्याच्या करासाठी जुन्या मिळकतीची १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतोच. त्यांनी जागेचं क्षेत्र घेतलं, बांधकामाला वयानुसार घसारा लावला आणि बांधकामाची किंमत जवळजवळ शून्यावर आणली. अहवाल त्यांच्या नियमांनुसार बरोबरच होता. पण त्यात खांब नव्हते, कडीपाट नव्हता, माडीतल्या महिरपी नव्हत्या. जमीन आणि तिच्यावर एक जुनाट बांधकाम, एवढंच.

म्हणून मी दुसरा अहवाल करून घेतला, पुण्याच्या एका संवर्धन वास्तुविशारद बाईंकडून. त्यासाठी पदरचे पैसे घातले आणि या सगळ्या खर्चात तोच सर्वांत सार्थकी लागला असं मी म्हणेन. त्या हातात एक लहान हातोडी आणि जाड दाभण घेऊन फिरत होत्या. तुळईवर एक टोला मारायचा, कान देऊन ऐकायचं, वीतभर पुढे सरकायचं. मधे सगळीकडे टणक आवाज. भिंतीपाशी आल्यावर माजघरातल्या दोन तुळयांचा आवाज बसका येऊ लागला. दाभण टोचलं तर ते बोटभर आत गेलं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही, पण भिंतीत गाडलेलं टोक वर्षानुवर्षं ओलं राहिलं की कुजतं. वर पाहिलं तर बरोबर त्याच जागी छपराच्या दोन पाखी जिथे मिळतात तिथली पन्हळ गळत होती. आणि ओल बाहेर का पडत नाही, तर काकांच्या काळात आतून सिमेंटचा गिलावा केलेला. मातीच्या भिंतीला श्वास घ्यायला चुना लागतो, सिमेंटनं ओल आत कोंडते. दिसायला जो भाग सर्वांत धड होता तोच आतून सर्वांत खराब निघाला.

त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी वाड्याची मोजमापं घेऊन नकाशे काढले: प्रत्येक मजला, उभे छेद, खांबाचा तपशील, दाराची चौकट. वाड्याचा नकाशा पहिल्यांदाच कागदावर आला.

आमचा वाडा कुठल्या वारसा यादीत नव्हता. यादीत नाव असतं तर फेरफारांना वारसा समितीची परवानगी लागते. त्याचे फायदेही आहेत आणि अडचणीही. पुण्यात शनिवारवाड्याजवळ आमच्या नात्यातला एक वाडा आहे. स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. त्यांना ना नवं बांधता येतं, ना कुणी घेतं. दुरुस्तीलाही वरून परवानगी. आमच्यापुढे ती अडचण नव्हती, पण उद्या कुणी बुलडोझर आणला तर अडवणारंही काही नव्हतं.

घेणारे आले ते तीन तऱ्हांचे. एका बिल्डरनं आकडा चांगला दिला. त्याला जागा मोकळी करून हवी होती. दुसरे जुन्या लाकडाचे व्यापारी. "ताई, वाडा विकू नका हवं तर. आतलं लाकूड द्या, घनफुटावर भाव देतो, चौकटीचे आणि महिरपींचे वेगळे." खांब उतरवून त्याच्या जागी लोखंडी टेकू लावून देण्याचीही त्यांची तयारी होती. इथे एक गोष्ट सगळ्या वाडेवाल्यांनी लक्षात ठेवावी: १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही पुरावशेष धरली जाऊ शकते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्या व्यापाऱ्यांना परवाना विचारल्यावर ते परत आले नाहीत.

तिसरं एक पुण्याचं जोडपं. त्यांना वाईत राहायचं होतं आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या होत्या. महाबळेश्वर-पाचगणीचा रस्ता जवळ, तेव्हा ते चालेल असा त्यांचा हिशेब. मी त्यांना वास्तुविशारदांचा अहवाल जसाच्या तसा दिला, कुजक्या तुळयांसकट. चुलतभाऊ धास्तावला, पण त्या अहवालामुळेच ते टिकले. दुरुस्तीचा खर्च किती हे आधी कळल्यामुळे पुढे घासाघीस झाली नाही. त्यांचा आकडा बिल्डरपेक्षा बराच कमी होता. घरात यावर दोन-तीन बैठका झाल्या. आत्या आणि दादा माझ्या बाजूनं होते, मुंबईच्या भावाला पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं रास्त होतं, मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्याच्यापुढे होता. दादानं आपल्या हिश्श्यातून त्याची तूट भरून दिली.

मला वाटत होतं की आता खरेदीखतात एक अट टाकायची: वाडा पाडू नये. वकील म्हणाले, "टाकू, पण टिकणार नाही." मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ११. एकदा पूर्ण मालकी दिली की ती कशी उपभोगायची हे विकणाऱ्याला सांगता येत नाही. लिहिलं असलं तरी घेणारा ती अट नसल्यासारखं वागू शकतो. अपवाद एक आहे. विकणाऱ्याची लगत दुसरी मिळकत असेल आणि तिच्या चांगल्या उपभोगासाठी अट घातली असेल तर ती लागू करता येते. म्हणजे परसाचा तुकडा स्वतःकडे ठेवला असता तर काही करता आलं असतं. पण त्यासाठी मिळकतीचं विभाजन, नगरपालिकेची मंजुरी, नवी मोजणी, आणि तो तुकडा पुन्हा आमच्याच पुढच्या पिढीच्या गळ्यात. तो विचार सोडला.

हे कळल्यावर मी फार अस्वस्थ झाले होते. पण त्यामुळेच माणूस निवडणं हेच खरं काम आहे हे घरातल्या सगळ्यांना पटलं. कागदात जेवढं टिकणारं होतं तेवढं मात्र आम्ही बारकाईनं घातलं. शेजाऱ्यांची आडाची वाट आणि पाणी खरेदीखतात आलं. भाडेकरू आला. नकाशे साठेखताला, म्हणजे विक्रीच्या आधीच्या कराराला, जोडले आणि साठेखत ते खरेदीखत या काळात कुठलंही दार, चौकट, खांब, कडी, झोपाळ्याच्या साखळ्या हलवायच्या नाहीत, असं दोन्ही बाजूंवर बंधन घातलं. हे गरजेचं असतं. झोपाळा आणि समया कुणाच्या यावरून व्यवहार फिसकटलेले मी ऐकलेत. उत्सवाच्या भांड्यांचं खरेदीखतात बसत नव्हतं. त्याबद्दल घेणाऱ्यांनी आपणहून आळीतल्या मंडळींना भेटून शब्द दिला.

दादाच्या सहीसाठी कुलमुखत्यारपत्र लागलं. ते त्यानं तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. अनिवासी विकणारा असला की करकपातही वेगळी. आमच्या बाकीच्यांच्या रकमेतून एक टक्का, त्याच्या हिश्श्यातून मात्र भांडवली नफ्याच्या दरानं, तीही अख्ख्या रकमेवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच काढलं तर पैसे अडकत नाहीत, पण त्याला वेळ लागतो. तेव्हा परदेशी भावंड असेल तर साठेखताच्या दिवशीच तो अर्ज करा. आमच्या वेळी, २०२५ मध्ये, घेणाऱ्यालाही त्यासाठी टॅन क्रमांक, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागला.

नोंदणीला आत्या साताऱ्याहून स्वतः आली. दुय्यम निबंधक गृहभेटीलाही येतात, पण तिला ते नको होतं. यंत्र तिचं बोट घेईना. ऐंशी ओलांडलेल्या, आयुष्यभर भांडी घासलेल्या हाताच्या रेषा त्याला दिसत नव्हत्या. एकेक करून सगळी बोटं झाली, शेवटी डाव्या हाताचं मधलं लागलं. मग फोटो काढला. बाहेर आल्यावर तिनं हिश्श्याच्या धनादेशावर आपलं नाव, सासरचं आडनाव आणि कंसात माहेरचं, सगळं नीट वाचलं आणि पर्समध्ये ठेवला.

कराबद्दल थोडक्यात. आमच्या विक्रीला २३ जुलै २०२४ नंतरचा नियम लागला: महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा निवासी व्यक्तींना जुन्या मिळकतीवर निर्देशांकासह वीस टक्के, यातलं जे कमी. दादाला दुसरा पर्याय नव्हता. २००१ ची किंमत धरताना ती त्या दिवशीच्या शासकीय मूल्यदरापेक्षा जास्त धरता येत नाही, यावरून बरीच आकडेमोड बदलते. हा कर वाचवण्यासाठी मी आणि आत्यानं ठरावीक रोख्यांत पैसे गुंतवले; त्यासाठी विक्रीपासून सहा महिन्यांची मुदत असते आणि पैसे पाच वर्षं अडकतात.

पावसाळ्याआधी नव्या मालकांनी कौलं उतरवून पन्हळ बदलली. माजघरातल्या तुळयांची कुजकी टोकं कापून जुन्याच सागाचे सांधे केले. सिमेंटचा गिलावा काढायचं काम दिवाळीनंतर धरणार होते, आणि त्यासाठी चुन्याचं काम येणारा गवंडी त्यांना मिळत नव्हता. वास्तुविशारद बाईंकडून एकाचा पत्ता मिळाला, तो मी कळवला. त्यांचं बोलणं झालंय, काम सुरू आहे.